मुंबई–नागपूर: विमानाचं अंतर आणि रात्रीची टपाल

नमस्कार श्रोतेहो. मुंबईहून नागपूर किती लांब? रेल्वेनं ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ सुरू होतो, तिथून ७०१. आणि विमानतळ ते विमानतळ सरळ रेष धरली, तर साधारण ६९०. जेट विमान ताशी आठशेच्या आसपास जातं, म्हणजे तासाभरात पोचायला हवं. मग तिकिटावर दीड तासाच्या आसपास का लिहितात, ते पुढे सांगतो. आधी नागपूरची गोष्ट, कारण ती मला फार प्रिय आहे.

साल १९४९, महिना जानेवारी. दळणवळण मंत्री होते रफी अहमद किदवई. त्यांच्या काळात रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं. चारही विमानं यायची नागपूरला, तिथल्या सोनेगाव विमानतळावर! नागपूरच का? नकाशा डोळ्यांसमोर आणा. चारही शहरं नागपूरपासून सातशे ते हजार किलोमीटरच्या आत आहेत. ती होती डकोटा विमानं, दोन पंख्यांची. आज तासाभरात कापतो त्या अंतराला त्यांना अडीच-तीन तास लागायचे. मध्यरात्रीनंतर सोनेगावला टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. मद्रासची थैली मुंबईच्या विमानात, कलकत्त्याची दिल्लीच्या विमानात. प्रवासीसुद्धा तिथेच विमान बदलायचे. आणि मग चारही विमानं आपापल्या शहरी माघारी. संध्याकाळी गिरगावात पेटीत टाकलेलं पत्र सकाळी मद्रासला उतरलेलं असायचं. जे. आर. डी. टाटांचा या योजनेला उघड विरोध होता. रात्रीच्या उड्डाणाला लागणारी जमिनीवरची साधनं अपुरी आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते रास्तच होतं. तरीही त्या वैमानिकांबद्दल मला अपार आदर वाटतो. काळोखात, पावसाळ्यातसुद्धा, लोकांची पत्रं घेऊन ते उडत होते.

पत्रावरून आठवलं, घरातल्या मुलांना महिन्यातून एक तरी पोस्टकार्ड लिहायला लावा. आजी-आजोबांना हाताच्या अक्षराचं जे सुख मिळतं, ते फोनवर मिळत नाही. असो.

तर तो दीड तास. तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान उभ्या जागेवरून हललं की मोजणी सुरू, आणि नागपूरला जागेवर उभं राहिलं की बंद. पुन्हा सांगतो: जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुधा एकच वापरात असते. तिथे रांग लागते, आणि त्या रांगेचा वेळ वेळापत्रकात आधीच धरलेला असतो. शिवाय वर चढायला आणि खाली उतरायला विमान वेग कमी ठेवतं.

आणखी एक, वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. म्हणून नागपूरला जाताना विमान लवकर पोचतं, मुंबईला परतताना थोडं उशिरा. जाताना वारा पाठीशी, येताना समोर.

तेव्हा तुम्हाला घ्यायला कुणी सोनेगावला येणार असेल, तर त्यांना तिकिटावरची उतरण्याची वेळ कळवा, निघण्याची नव्हे. थंडीच्या दिवसांत दहा मिनिटं आधीच यायला सांगा. नमस्कार.