आधी कागद, मग रंग

अध्यक्ष महोदय आणि रंगप्रेमी श्रोतेहो,

मोठ्यांसाठीची चित्ररंगवणीची पुस्तके आणि त्यांचे रंगसाहित्य, असा आजचा दुहेरी विषय आहे. आपल्याला उत्सुकता साहित्याची असणार, कारण पुढच्या रांगेतल्या पिशव्यांतून रंगांचे डबे डोकावताना मला दिसत आहेत. तरीही मी सुरुवात कागदापासून करणार आहे, कारण डबा आधी आणि पुस्तक नंतर या क्रमाने केलेली खरेदी बहुधा फसते, असे माझे ठाम मत आहे.

2013 मध्ये जोहाना बॅसफर्ड या स्कॉटिश चित्रकर्तीचे ‘सीक्रेट गार्डन’ आले आणि या पुस्तकांची जगभर लाट उसळली. आपल्याकडेही आता मोर, हत्ती, मंडले म्हणजे वर्तुळाकार नक्ष्या यांना तोटा नाही. मात्र पुस्तक कोणत्या कागदावर छापले आहे, हे विकत घेण्यापूर्वी कळण्याची सोय नाही. झेरॉक्ससाठी आपण जे रीम आणतो, त्याच्या वेष्टनावर ‘75 जीएसएम’, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे वजन 75 ग्रॅम, असे ठळक छापलेले असते. म्हणजे आधार कार्डाची प्रत ज्यावर काढायची, त्या कागदाचे वजन आपल्याला ठाऊक असते. ज्यावर पंधरा दिवस मान मोडून बसायचे, त्याचे नसते. मुखपृष्ठावर ‘मनःशांती’ असते, पाठीमागे किंमत आणि चित्रांची संख्या असते, आणि सगळ्यावर प्लास्टिकचे घट्ट आवरण असते. एका दुकानात मी ते उघडून दाखवण्याची विनंती केली, तेव्हा तिथला मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला, “काका, तुम्हाला रंगवायचंच आहे ना, मग कागद कशाला बघता?” (हसू नका, आपल्यापैकी निम्म्यांनी असेच पुस्तक घेतलेले आहे.)

पुस्तक हाती आलेच, तर पान उजेडासमोर धरावे. मागच्या चित्राच्या रेषा स्वच्छ दिसल्या, तर त्या कागदावर फक्त पेन्सिल चालेल. मग शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेनचा ठिपका देऊन, मिनिटभर थांबून पान उलटावे. अल्कोहोल मार्कर जवळपास प्रत्येक कागदातून आरपार जातो. पुढे मोराच्या पिसात भरलेला जांभळा मागे हत्तीच्या कानावर उमटतो. म्हणून एकाच बाजूला छापलेले पुस्तक घ्यावे आणि मार्कर वापरताना खाली जाड कागद सरकवावा. फार गुळगुळीत कागदावर पेन्सिलीचा दुसरा-तिसरा थर बसत नाही, त्यासाठी किंचित खरखर हवी. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, कागद दमट होतो आणि खोडरबराने त्याचे तंतू निघतात, हे वेगळेच दुखणे आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत आणि साहित्य अख्खे बाकी आहे, तेव्हा भराभर सांगतो.

साधारण 100 ते 120 जीएसएमच्या कागदावर रंगपेन्सिली निर्धास्त वापराव्यात. मेणयुक्त शिसे मऊ असते, रंग गडद येतो आणि एकात एक छान मिसळतो. मात्र दाट थरावर काही दिवसांनी पांढुरका मेणाचा पापुद्रा येऊ शकतो, तो मऊ कापडाने अलगद पुसावा. तेलयुक्त शिसे तुलनेने कडक असते आणि त्याचे टोक टिकते, म्हणून बारीक नक्षीसाठी ते बरे. कॅम्लिनच्या डब्यावर वाढलेल्या आपल्या पिढीला 24 रंग पुरेत. थरावर थर देऊन उरलेल्या छटा करता येतात. स्केचपेन पाण्याच्या शाईचे घ्यावे आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा घासू नये, कागद सोलतो. जेल पेन फक्त ठिपक्यांना आणि कडांना वापरावे, आणि शाई वाळेपर्यंत पुस्तक मिटू नये. जलरंगांचा हट्ट असेल, तर 200 जीएसएमच्या खाली जाऊ नये. आणि शिसे वारंवार तुटत असेल, तर कंपनीला पत्र लिहिण्याआधी शार्पनर बदलून पाहावा. बोथट पाते मऊ शिसे हमखास मोडते.