भुंग्याचा फोटो

नमस्कार श्रोतेहो.

घरच्या कुत्र्याचा फोटो कसा काढायचा यावर बोलायचं, तेही रेडिओवरून. दाखवायला हातात काही नाही, नुसतं सांगायचं. पण बेचाळीस वर्षं मी फोटो स्टुडिओ चालवला आणि त्यातला निम्मा वेळ बोलण्यातच गेला. ‘हनुवटी जरा खाली. अजून. हां, आता डोळे मिटू नका.’ आणि गिऱ्हाईक नेमके तेव्हाच डोळे मिटायचं. तेव्हा बोलायची सवय आहे.

आमचा स्टुडिओ सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावात. वडिलांनी सुरू केलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर एक कारंजं, दोन मोर आणि कुठेच न जाणारा एक जिना. मी नुकताच हाताखाली शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. दुपारी आमचे निवृत्त गुरुजी आले. धोतर, कोट, टोपी, आणि हातातल्या साखळीला त्यांचा कुत्रा, मोती. म्हणाले, “अरे, ह्याचा एक फोटो काढायचाय. नोकरीच्या अर्जाला लावतात तसला नको. जरा बरा काढ.”

वडील जेवायला घरी गेलेले. मी म्हटलं, “बसा गुरुजी, आत्ता काढतो.” लहान पोरांना बसवायची उंच खुर्ची होती, तिच्यावर मोतीला बसवला. दिवे लावले. मोती थरथरायला लागला. मी घाईनं फ्लॅश मारला, आणि मोती खुर्चीवरून उडी मारून थेट पडद्यामागे. अर्धा तास बाहेर येईना. रात्री रोल धुतला तर त्या एका फोटोत काय आलं होतं? डोळ्यांच्या जागी दोन पांढरेफटक दिवे, बाकी कुत्रा नावालाच.

कुत्र्याच्या डोळ्यात, पडद्याच्या मागे, एक चकचकीत थर असतो. अंधारात मिळेल तेवढा उजेड तो पुन्हा डोळ्यात फिरवतो, म्हणून कुत्र्याला रात्री आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. गाडीच्या दिव्यात रस्त्यावरच्या कुत्र्याचे डोळे हिरवे-पिवळे चमकतात ते त्यामुळेच. समोरून फ्लॅश मारला की तो सगळा उजेड कॅमेऱ्यात परत. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतोय, फ्लॅश बंद ठेवा.

तर गुरुजी निराश होऊन निघाले. बाहेर पायरीशी चपला. त्यांना कमरेत वाकता यायचं नाही, म्हणून भिंतीला एक हात टेकून ते पाय वर घेत आणि चपलेचा बंद ओढत. मी कॅमेरा गळ्यात घेऊन उंबऱ्यात उभा. गुरुजी माझ्याकडे न बघताच म्हणाले, “आता बघ, तो माझ्या टाचेला नाक लावील. रोज लावतो. मग वर बघील.” मी खाली बसलो. मोतीनं नाक लावलं. वर बघितलं. मी बटण दाबलं.

फोटोत गुरुजींचा चेहरा नाही. धोतराचा काठ, भेगाळलेली टाच, भिंतीवर टेकलेली बोटं आणि वर बघणारा मोती. वडिलांनी तो बघितला आणि म्हणाले, “ह्याचे पैसे घेऊ नकोस.” चांगला म्हणून की वाईट म्हणून, ते काही बोलले नाहीत.

श्रोतेहो, आज माझा सगळा मुद्दा त्या एका वाक्यात आहे, ‘आता तो नाक लावील’. कॅमेरा माझा होता, शिक्षण माझं होतं, पण पुढच्या दोन सेकंदांत काय होणार ते गुरुजींना ठाऊक होतं. तुमच्या घरच्या कुत्र्याचा फोटो माझ्यासारख्या धंदेवाईक माणसापेक्षा तुम्ही चांगला काढू शकता तो याच कारणानं. दूधवाल्याची सायकल कोपऱ्यावर वळली की तो कान कसे टवकारतो, पोळीचा डबा उघडल्यावर मान कुठल्या बाजूला तिरकी करतो, झोपायच्या आधी किती गिरक्या घेतो, हे तुम्हाला पाठ असतं. मग त्याच्यामागे मोबाईल घेऊन का धावायचं? तो जिथे येणार तिथे आधी जाऊन बसा.

बसा म्हणजे खरंच बसा. खाली, फरशीवर. उभ्यानं काढलेल्या फोटोत कुत्र्याचं डोकं मोठं, पाय काडीएवढे आणि मागे सगळी लादी. अमेरिकेत एलियट अर्विट नावाचे एक मोठे छायाचित्रकार होऊन गेले, २०२३ साली वारले. त्यांनी कुत्र्यांचे पुष्कळ फोटो काढले. न्यूयॉर्कमधला १९७४ सालचा त्यांचा एक फोटो आहे. टोपी घातलेलं एक चिमुकलं कुत्रं, शेजारी एका बाईचे बूट आणि त्यांच्या बाजूला अजून दोन लांब पाय. ते पाय दुसऱ्या एका कुत्र्याचे आहेत हे कळायला क्षणभर लागतो. कॅमेरा त्या चिमुकल्याच्या उंचीवर आहे, म्हणून ही गंमत. आता गुडघे दुखतात म्हणणाऱ्यांसाठी एक युक्ती. मोबाईल उलटा धरा, म्हणजे त्याचं भिंग जमिनीलगत जातं. मी हल्ली तेच करतो.

आमच्या घरी सध्या भुंग्या आहे. गावठी, काळाकुळकुळीत, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. काळं कुत्रं पाळणाऱ्यांचं दुःख मला विचारा. दारात उजेडाकडे पाठ करून बसला की फोटोत नुसतं भोक दिसतं. जवळ जाऊन सगळ्या चौकटीत भुंग्याच भुंग्या घेतला तर तो राखाडी येतो, वर्षभर न धुतल्यासारखा. कारण कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही. समोर जे असेल ते सरासरी मध्यम करड्या रंगाचं असणार असं तो धरून चालतो. काळ्याला उजळ करतो, पांढऱ्याला मळकट. उपाय सोपा आहे. कुत्र्याच्या तोंडावर बोट टेकवा, शेजारी एक छोटा सूर्य येतो, तो जरासा खाली ओढा. पांढरं कुत्रं असेल तर वर. आणि भर उन्हात नकोच. ओसरीच्या सावलीत, तोंड अंगणाकडे करून बसवा. डोळ्यात उजेडाचा एक ठिपका आला की काळ्या तोंडातही जीव येतो, आणि पाठीवरचे केस तेल लावल्यासारखे चमकतात.

दुसरी तक्रार नाकाची. ‘आमच्या राजाचं नाक फोटोत बटाट्याएवढं का येतं?’ मोबाईलचं नेहमीचं भिंग रुंद असतं. तोंडाशी नेलं की जे सगळ्यात जवळ ते सगळ्यात मोठं. चार पावलं मागे या आणि झूम दुप्पट करून काढा. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याचं तोंड मुळातच लांब, त्याचा तर जवळून पार घोडा होतो.

पळणाऱ्या कुत्र्यासाठी कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा पाचशेवा भागच उघडं राहू द्या, जमलं तर हजारावा. पूर्वी आम्हाला हे सुख नव्हतं. माझा पहिला कॅमेरा आगफा क्लिक थ्री, एका रोलवर बारा फोटो, संपले की संपले. त्यात धावतं कुत्रं म्हणजे ढगाचा तुकडा यायचा. त्याच्याही मागे गेलं तर आणखी मजा. १८३८ साली पॅरिसमध्ये डागेर या फोटोकलेच्या एका आद्य संशोधकानं आपल्या खिडकीतून रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वाहता होता, पण फोटोला काही मिनिटं लागली, त्यामुळे हलणारं सगळं पुसलं गेलं. राहिला तो बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस. घोडे गेले, गाड्या गेल्या. एखादं कुत्रं तिथून गेलं असेल तर तेही गेलं. आता तुमचा मोबाईल एका दमात वीस फोटो काढतो. काढा, पण रात्री बसून एकोणीस पुसा. हे दुसरं काम कुणी करत नाही. आमची सूनबाई तर अजिबात नाही.

चेंडू टाकून फोटो काढणार असाल तर लाल नको. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग चांगला कळतो, लाल मात्र मळकट दिसतो, हिरवळीवर तर त्याला तो सहज सापडतही नाही. मग फोटोत नुसतं गवत हुंगणारं कुत्रं मिळतं.

कुत्रं नसलेले श्रोते म्हणतील, आमचं काय? अहो, तुमच्या घरचा ओटा आहे की. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेकडे. जानेवारीत सूर्य तिकडे कललेला, म्हणून दहाच्या सुमाराला ऊन खिडकीतून शिरून ओट्यावरच्या पितळी डब्यापर्यंत पोचतं. डब्याला पोचे आलेत, प्रत्येक पोच्यात एक वेगळी खिडकी दिसते. हिनं तिथे चहाचं गाळणं उलटं ठेवलेलं असतं, त्याच्या जाळीची सावली डब्यावर पडते. वीसेक मिनिटं हे चालतं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर, ऊन खिडकीच्या कट्ट्यावरच थांबतं, आणि तोच डबा नुसता डबा असतो. हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? रोज तिथे चहा करणाऱ्यालाच कळतं. मी स्टुडिओत हजारो चेहरे काढले, पण आईचा तो अडकित्ता, सुपारी धरणाऱ्या तिच्या अंगठ्यासकट, कधी काढला नाही. ती रोज दुपारी जेवण झालं की तिथेच, खांबाला टेकून बसायची. मी समोरून जायचो.

असो. गुरुजी चारेक वर्षांनी परत आले, एकटेच. म्हणाले, “त्या फोटोची एक प्रत दे. मोठी.” मी विचारलं, नुसता मोती कापून मोठा करू का? त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, “नको. टाच राहू दे.”

माझी वेळ होत आली. जाता जाता एक राहिलं. मध्यंतरी महिनाभर माझे सगळे फोटो धुरकट येत होते. मी मोबाईलला शिव्या दिल्या, दुकानात दाखवून आलो, नवा घ्यायच्या गोष्टी केल्या. मग एका सकाळी नातवानं शर्टाच्या टोकानं भिंग पुसलं आणि म्हणाला, “आजोबा, भुंग्यानं चाटलंय.”

तेवढं पुसून घ्या. नमस्कार.