देवघरातली चकती

(दृश्य: देवघर. आमसुलाने घासून घेतलेली कांस्याची चकती)

रुंदी जेमतेम १२ सेंटिमीटर. हातात त्रिशूळ घेतलेली बाई, तिच्या पुढ्यात सिंह. आमच्या घरात हिला पिढ्यान् पिढ्या हळदकुंकू लागत आलं. त्रिशूळ आहे, सिंह आहे, मग देवीच की! प्रत्यक्षात ही ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं स्त्रीरूपातलं प्रतीक. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी ब्रिटिश सरकारने अशा १३ लाखांहून जास्त चकत्या पाठवल्या. सिंहाच्या वरच्या चौकटीत उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत. ते आमच्या पणजोबांचं नाव. पुढे हुद्दा नाही, पलटण नाही, गावही नाही. मेलेले सगळे सारखे, म्हणून हुद्दा मुद्दामच गाळलेला.

(दृश्य: हर्णै बंदर, मासळीचा लिलाव, ओल्या वाळूतल्या बैलगाड्या)

पणजोबा इथूनच गेले. होडीतून आगबोटीपर्यंत, आगबोटीने मुंबई. दापोली तालुक्यातल्या पोराला पलटण काही नवी नव्हती. दापोलीला आजही जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात. पेन्शनीत निघालेले शिपाई, हवालदार, सुभेदार तिथे घरं करून राहायचे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच होते. भात पिकवून चार महिने पुरायचं, उरलेले आठ महिने गिरणी नाहीतर पलटण.

घरात एवढंच सांगितलं जातं: मराठा पलटणीत होते, आजच्या इराकमधल्या बसऱ्याकडे गेले, तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडले. कुतमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. धान्य आटलं, घोडे कापले गेले, आणि ते मांस बऱ्याच हिंदी शिपायांनी कितीतरी दिवस तोंडात घातलं नाही. मग शरणागती, कैद. पणजोबा परतले नाहीत.

(दृश्य: दुसऱ्या घरातलं रुप्याचं पदक. कडेवर भिंग)

पणजोबा तीनपैकी कुठल्या पलटणीत, हे त्यांच्या युद्धाच्या पदकाने सांगितलं असतं. कडेवर बघा: सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. क्रमांक हाताशी असला की माणूस कागदोपत्री सापडतो. नुसत्या नावावर शोधायला गेलं, तर त्याच नावाचे ढीगभर शिपाई निघतात. आमचं पदक पणजीने सोनाराकडे मोडलं. पदरी दोन लेकरं होती.

(दृश्य: शाळेची भिंत, चुन्याखालचा संगमरवरी दगड)

गावातून लढाईवर किती गेले आणि किती मेले, ते यावर कोरलंय. आकडे इंग्रजीत, नाव एकाचंही नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावर ४० हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. तिथे इंग्रज शिपायाचं नाव कोरलंय आणि हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा. शंभर वर्षांत हे कुणाला खटकलं नसेल, असं नाही. दगडावर मात्र ते दुरुस्त झालं नाही.

(दृश्य: म्हाळाची पानं, पितरांसाठी वाडी ठेवणारी आजी)

पणजोबांचा म्हाळ चतुर्दशीला असतो. हत्याराने गेलेल्यांची ती तिथी. आजी वाडी ठेवताना त्यांचं नाव मोठ्याने घेते, सोबत लढाईवर गेलेल्या गावातल्या इतरांचीही. ती नावं आम्ही लिहून घेतली.

शाळेतल्या दगडाशेजारी नावांचा दुसरा दगड लावायचा, असा विषय ग्रामसभेत ठेवलाय. जुन्या पेट्या, पेन्शनची कागदं, पदकांच्या कडा बघून घ्या, असं घरोघर सांगून झालं. बरीच घरं मुंबईला आहेत. ती शिमग्याला येतील, तेव्हा त्यांनाही विचारू.