गोल खाणारा आत, गोल मारणारा बाहेर

(टोरोंटो. यंग आणि फ्रंट रस्त्यांचा कोपरा.)

एके काळी ही बँक होती, १८८५ सालची. आता इथे आहे हॉकी हॉल ऑफ फेम, थोर खेळाडूंचं सन्मान-दालन. आपली मैदानावरची हॉकी नव्हे हं, बर्फावरची.

(जुनं चित्रण. मॉस्को, २८ सप्टेंबर १९७२.)

कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ. मालिकेतला आठवा, शेवटचा सामना. तीनपैकी दोन पिरियड संपले तेव्हा सोव्हिएत संघ ५-३ ने पुढे होता. कॅनडानं बरोबरी गाठली. आणि चौतीस सेकंद उरले असताना पॉल हेंडरसन गोलसमोर पोचला. पहिला फटका सोव्हिएत गोलरक्षक ट्रेत्याकनं अडवला. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, परत आली, हेंडरसननं पुन्हा मारली... गोल! ६-५. सहाव्या आणि सातव्या सामन्यातला विजयी गोलही त्याचाच होता.

हा गोल खाणारा व्लादिस्लाव ट्रेत्याक १९८९ मध्ये हॉलमध्ये गेला, एनएचएलचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक लीगचा, एकही सामना न खेळता. हेंडरसन मात्र अजून बाहेरच.

ऐकायला अन्याय वाटतो. पण ट्रेत्याककडे ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं आहेत. हेंडरसनचे एनएचएलमध्ये ७०७ सामने, २३६ गोल. चांगला खेळाडू, थोरांच्या रांगेतला नाही. एका महिन्याच्या पराक्रमावर हॉलमध्ये जागा द्यायची का? माझं मत विचाराल तर, नाही. कॅनडात हे बोलायची मात्र सोय नाही! त्या सामन्यातली त्याची जर्सी २०१० मध्ये लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली.

माझी तक्रार वेगळी आहे. रशियन खेळाडू अलेक्झांडर मोगिल्नी घ्या. एनएचएलमध्ये १९९२-९३ च्या एकाच हंगामात ७६ गोल. हॉलसाठी २००९ पासून पात्र, आणि निवड झाली थेट २०२५ मध्ये. मधल्या सोळा वर्षांत त्यानं एनएचएलमध्ये एकही गोल केला नाही, करणार कसा? तो तर निवृत्त होता. म्हणजे आकडे तेच, मत बदललं. कुणाचं, कशामुळे?

हॉलच्या निवड समितीत अठरा जण असतात. निवडीला चौदा मतं लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार पुरुष आणि दोन महिला खेळाडू. मतदान गुप्त, चर्चाही गुप्त. निवड झाली की नावं जाहीर होतात. राहिलेल्यांना किती मतं पडली, हे त्या खोलीबाहेर येत नाही. मग एका मतानं हुकलेला आणि ज्याचं नावच पुढे आलं नाही तो, दोघं चाहत्यांच्या लेखी सारखेच. वाद घालायचा तर घाला, हाताशी काहीच नाही.