हस्तलिखित आणि बॅटन : पेटर ग्युल्के यांच्याविषयी

21 ऑगस्ट 1810 रोजी संगीतकार बेथोव्हननं लाइपझिगच्या ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेल या प्रकाशकांना पत्र लिहिलं. त्याच्या पाचव्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचनेच्या, छापील प्रतीत, तिसऱ्या भागात, दोन बार जास्तीचे पडले आहेत, असं त्यात होतं. बार म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीतला दोन उभ्या रेघांमधला खण. प्रकाशकांनी दुरुस्ती केली नाही. 1827 मध्ये बेथोव्हन गेला, तरी ते दोन खण वाजतच राहिले. 1846 मध्ये संगीतकार मेंडेल्सोननं ते वगळून सिंफनी सादर केली, आणि मग कुठे ते जुनं पत्र लोकांसमोर आलं.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. चूक सापडली, दुरुस्त झाली. पण ज्यांच्याबद्दल मी आज बोलायला उभा आहे, त्या पेटर ग्युल्के या जर्मन वाद्यवृंद-संचालक (कंडक्टर) आणि संगीत-अभ्यासकाच्या लेखी गोष्ट तिथून सुरू होते. हे दोन खण मुळात आले कुठून?

हा तिसरा भाग असा आहे : आधी स्केर्त्सो हा चपळ लयीचा तुकडा, मधे ट्रिओ हा वेगळ्या सुरावटीचा तुकडा, आणि मग स्केर्त्सो परत येतो तो अगदी दबक्या आवाजात, तंतुवाद्यांच्या तारा बोटांनी छेडत. बेथोव्हनच्या मूळ योजनेत स्केर्त्सो आणि ट्रिओ ही जोडी दोनदा वाजायची होती. चौथ्या आणि सातव्या सिंफनीत हेच केलेलं आहे. त्यासाठी स्वरलिपीत दोन शेवट लागतात : माघारी वळायचं तर एक, पुढे जायचं तर दुसरा. छापील प्रतीत ही पुनरावृत्ती उरली नाही, पण माघारी वळवणारे दोन खण तसेच राहिले. वाट बुजली, वळणावरची पाटी तेवढी उरली.

आता खरा प्रश्न. पुनरावृत्ती बेथोव्हननं स्वतः काढली, की ती हातून निसटली? 1970 च्या दशकात लाइपझिगच्या पेटर्स प्रकाशनासाठी ग्युल्के यांनी पाचव्या सिंफनीची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे मूळ हस्तलिखितं ताडून केलेली आवृत्ती, तयार केली आणि ती पुनरावृत्ती परत आणली. नंतरच्या काही संपादकांना हे पटलेलं नाही, त्यांचे पुरावेही वजनदार आहेत. मी दोन्ही तऱ्हा अनेकदा ऐकल्या आहेत आणि माझं मन ग्युल्के यांच्या बाजूनं आहे. स्केर्त्सो दोनदा भरगच्च ऐकून झाला की तिसऱ्यांदा तो कुजबुजत येतो, तेव्हा अंगावर काटा येतो. एकदाच ऐकला असेल तर ती कुजबुज इतकी खोल जात नाही.

असा निर्णय नुसत्या टेबलाशी बसून घेता येत नाही, आणि म्हणून या माणसाचं आयुष्य सांगायला हवं. 1934 मध्ये वायमार इथे जन्म. गटे आणि शिलर या कवींचं गाव. संगीतकार लिस्टनं 1850 मध्ये वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ या ऑपेराचा पहिला प्रयोग इथेच संचालित केला. ग्युल्के चेलो शिकले, 1958 मध्ये लाइपझिगला डॉक्टरेट मिळवली, आणि विद्यापीठात न रमता नाट्यगृहांत गेले. रुडोल्श्टाट, श्टेन्डाल, पॉट्सडॅम, श्ट्रालझुंड : पूर्व जर्मनीतली ही छोटी छोटी रंगमंदिरं. दिवसा गायकांच्या तालमी, संध्याकाळी प्रयोग. यातूनच वेळ काढून मध्ययुगीन संगीतावरचा त्यांचा ग्रंथ 1975 मध्ये आला. 1976 मध्ये ते ड्रेस्डेनच्या ऑपेरात गेले, 1981 मध्ये वायमारचे प्रमुख संगीत संचालक झाले. ज्या गावात जन्मले, त्याच गावात लिस्टच्या परंपरेतली खुर्ची. आणि 1983 मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हांबुर्गला गेलेले असताना ते पूर्व जर्मनीत परतलेच नाहीत. एकोणपन्नासाव्या वर्षी सगळं मागे सोडून नव्यानं सुरुवात. 1986 ते 1996 ते वुपर्टालला संचालक होते.

पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते त्यांचं संगीतकार शूबर्टवरचं काम. व्हिएन्नाच्या ग्रंथालयात शूबर्टच्या आराखड्यांचा एक गठ्ठा होता. सगळे डी मेजर या एकाच स्वरपट्टीतले, त्यामुळे 1818 मधल्या एकाच सिंफनीचे असावेत, असं धरलं गेलं होतं. 1978 मध्ये, शूबर्टच्या दीडशेव्या स्मृतिवर्षी, एर्न्स्ट हिल्मार या अभ्यासकानं कागद आणि हस्ताक्षर तपासून दाखवलं की या तीन वेगळ्या सिंफनी आहेत, आणि त्यांतली शेवटची 1828 मधली, म्हणजे मृत्यूच्या उंबरठ्यावरची. पियानोसाठी लिहावं तशा दोन ओळी, वाद्यांची नावं कुठे कुठे. ग्युल्के यांनी त्यावरून वाद्यवृंदाचं लेखन केलं आणि ड्रेस्डेनच्या स्टाट्सकापेले या वाद्यवृंदाबरोबर ते ध्वनिमुद्रितही केलं. पुढे ब्रायन न्यूबोल्ड या इंग्रज अभ्यासकानं या सिंफनी पूर्ण करून दिल्या, तेही मोठंच काम. ग्युल्के यांनी मात्र त्यांना तुकडेच म्हटलं आणि तुकडे म्हणूनच श्रोत्यांपुढे ठेवलं. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

1994 मध्ये त्यांना झिग्मुंड फ्रॉइड पुरस्कार मिळाला. तो उत्तम अभ्यासपर गद्यासाठी देतात. वाद्यवृंदासमोर आयुष्य काढलेल्या माणसाला भाषेसाठी पुरस्कार! 2014 मध्ये अडीच लाख युरोंचा एर्न्स्ट फॉन झीमेन्स संगीत पुरस्कार मिळाला. आणि पुढच्या वर्षी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी ब्रांडेनबुर्गच्या वाद्यवृंदाचं प्रमुखपद स्वीकारलं.

आता मी थांबतो आणि शूबर्टच्या त्या शेवटच्या सिंफनीतला संथ भाग लावतो, बी मायनर या स्वरपट्टीतला. ऐकताना एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवा. ज्या कागदांवर हे संगीत आहे, त्याच कागदांवर शूबर्टनं काउंटरपॉइंटचे, म्हणजे अनेक सुरावटी एकाच वेळी गुंफण्याच्या शास्त्राचे, धडे गिरवले आहेत. 4 नोव्हेंबर 1828 रोजी तो झिमोन झेख्टर यांच्याकडे काउंटरपॉइंटच्या शिकवणीला गेला होता. शंभरांवर शंभर गाणी लिहून झालेला एकतीस वर्षांचा माणूस, विद्यार्थी होऊन. 19 नोव्हेंबरला तो गेला.