मीटर वाजला म्हणजे आयसी गेली?

गड्डा यात्रा जवळ आली की सोलापुरात एलईडी वॉलवाल्यांची पळापळ सुरू होते, आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेली बंद रिसीव्हिंग कार्डं (वॉलच्या कॅबिनेटमधलं, चित्राचा सिग्नल घेऊन एलईडींना देणारं कार्ड) अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या रिपेअरच्या टेबलांवर येऊन पडतात.

कार्डावर मधोमध ही काळी चौकोनी चिप दिसतेय ना, ती एफपीजीए, म्हणजे हवं ते काम प्रोग्रॅम करून बसवता येतं अशी आयसी. तिला एका सप्लायवर भागत नाही, कार्डात 5 व्होल्ट येतात, त्यातून 3.3 निघतात, आणि कोरसाठी, म्हणजे चिपच्या आतल्या मुख्य भागासाठी, वेगळे, बऱ्याच कार्डांत 1.2 व्होल्ट. शॉर्टचा घोळ जास्त करून या कोर रेलवरच, म्हणजे कोरला सप्लाय देणाऱ्या लाइनवरच.

पोरगं मल्टिमीटर बीपवर लावून लगेच सांगतं, "काका, मीटर वाजतोय की ओ, आयसी गेली बगा."

थांबा जरा. बीप बऱ्याच मीटरमध्ये 30-50 ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो, आणि मोठ्या एफपीजीएची कोर रेल चिप ठणठणीत असतानाही दोन-चार ओहमच दाखवू शकते, म्हणून बीप सोडा, ओहम वाचा आणि तसंच एक चालू कार्ड शेजारी ठेवून आकडा जुळवा.

आकडा खरंच शून्याला टेकला असेल तर कोर रेलमधली कॉइल बोर्डावरून उचलायची, म्हणजे दोन बाजू वेगळ्या होतात आणि शॉर्ट कुठल्या बाजूला ते मोजता येतं. एका बाजूला रेग्युलेटर, दुसऱ्या बाजूला चिप आणि तिच्या आजूबाजूचे बारीक सिरॅमिक कपॅसिटर. शॉर्ट रेग्युलेटरकडं निघाला तरी लगेच खुश होऊ नका, रेग्युलेटरमधला वरचा मॉसफेट (5 व्होल्ट चालू-बंद करणारा स्विच) आरपार गेला असेल तर 5 व्होल्ट सरळ कोरमध्ये घुसलेत, मग काय राहतंय तिच्यात.

चिपकडं निघाला तर बेंच सप्लाय (टेबलावरचा, व्होल्टेज-करंट ठरवता येणारा) 1 व्होल्टवर ठेवा, करंट अर्ध्या अँपिअरपासून हळूहळू वाढवा. व्होल्टेज वाढवायचं नाही, कारण शॉर्ट अचानक सुटला की तेच चिपवर बसणार. थर्मल कॅमेरा नसेल तर आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) लावा, जिथं आधी सुकतं तिथं चोर. मे महिन्यात पंखा तेवढा बंद करा, आपल्याकडं तेव्हा सगळंच सुकतं.

बऱ्याचदा तडकलेला कपॅसिटरच सापडतो, टेम्पोत कॅबिनेट आदळतात, स्क्रू आवळताना कार्ड वाकतं. आणि चिपच तापली तर मग बदलाच, प्रोग्रॅम सहसा शेजारच्या फ्लॅश मेमरीमध्ये असतो, नवी चिप तिथूनच उचलते.

कपॅसिटर काढून कार्ड चालू होईलही, पण भाड्याच्या कामाला पाठवायचं तर त्याच व्हॅल्यूचा नवीन लावूनच पाठवा.