भाकरी बांधून देणाऱ्यांची कादंबरी

[दृश्य : कुंडलचं शिवार. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस.]

आज कुंडलच्या शिवारात कुठेही उभं राहिलं तरी ऊसच दिसतो. कृष्णेचं पाणी उपसा योजनांनी वर आलं आणि हा मुलूख हिरवा झाला. १९४३ साली असं नव्हतं. बरंचसं रान जिरायती. शाळू, बाजरी, आणि मध्येच एखाद्या विहिरीवरचा मळा. प्रतिसरकारवर, म्हणजे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या लोकांनी ब्रिटिश राजवटीला न जुमानता गावोगाव चालवलेल्या स्वतःच्या सरकारवर, कादंबरी लिहायला घेतली तेव्हा आधी मला हा ऊस पुसून ते जुनं रान डोळ्यांपुढे आणावं लागलं. कारण भूमिगत माणूस पिकात लपतो. शाळू पुरुषभर उंच उभा आहे तोवर रान त्याचं. सुगी झाली, कडबा गंजीला लागला की तेच रान उघडं पडतं. मग डोंगर, नाहीतर कुणाचं तरी घर. कादंबरीतल्या प्रसंगांचा क्रम मी शेवटी पिकांच्या हिशेबाने लावला.

[दृश्य : वडूज, हुतात्मा स्मारक.]

ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे इंजिनियर पंड्या आणि विष्णू बारपटे गोळीबारात मारले गेले. तिरंगा घेऊन चालत जाणाऱ्या माणसांवर गोळ्या चालतात, हे जिल्ह्याने पाहिलं. त्यानंतरची वाट वेगळी होती.

१९४३ पासून गावोगाव प्रतिसरकार उभं राहू लागलं. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आलेले. त्यांच्याबरोबर जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि तुफान सेनेची, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाची, तरणी पोरं. गावातच न्यायनिवाडे होऊ लागले, दारू बंद झाली, लग्नं कमी खर्चात लागू लागली, दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रोकड ताब्यात घेतली गेली. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. ब्रिटिश मुलखातून संस्थानी हद्दीत शिरलं की पोलिसांचं काम अवघड व्हायचं, आणि ती हद्द इथल्या पोरांना तोंडपाठ होती.

हे सगळं इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं. माझी अडचण पुढे सुरू झाली.

भूमिगत माणूस कागद मागे ठेवत नाही. जे कागद उरले ते त्याला धरायला निघालेल्यांचे. त्यांत तो फरारी असतो, दरोडेखोर असतो. दुसरीकडे आठवणी आहेत, शाहीर शंकरराव निकमांसारख्यांचे पोवाडे आहेत. तिथे तो वीर असतो. पोवाडा ऐकताना माझ्या अंगावर आजही काटा येतो, तो खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या रात्री तो वीर जेवला का, कुणाच्या घरी जेवला, हे ना पोलिसांच्या कागदात आहे ना पोवाड्यात.

[दृश्य : हौसाताई पाटील यांचं छायाचित्र.]

मला वाट दाखवली ती नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंच्या आठवणींनी. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी मार खाणाऱ्या बाईचं सोंग घेतलं. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले, आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. पुढे त्या गोव्यात गेल्या, तुरुंगातल्या साथीदाराला सोडवण्याच्या कामात होत्या, रात्री मांडवी ओलांडून परतल्या. पण माझ्या मनात रुतून बसली ती त्यांची तक्रार. सोंगातला मार खरोखर लागला होता, आणि म्हातारपणीही त्या ते सांगायच्या. माझी कादंबरी त्या तक्रारीपासून सुरू झाली असं मी मानते.

[दृश्य : जुनं जातं, वाड्याची ओसरी.]

मग मी घरांत शिरले. महायुद्धाचे दिवस. धान्याची टंचाई, रॉकेलवर कंट्रोल, कापड मिळेना. अशा घरात रात्री दहा माणसं येणार म्हणजे पहाटे दळण वाढणार. जात्याची घरघर रोजच्यापेक्षा लांबली की शेजारणीला कळतंच. ती काही बोलत नाही, आणि तिचं ते न बोलणं हाही प्रतिसरकारचा एक भाग आहे, असं मला लिहिता लिहिता उमगत गेलं. कादंबरीतल्या सोनाबाईचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा लिहिलं. तिच्या हातात शस्त्र नाही, तोंडात घोषणा नाही. बारा भाकऱ्या जास्त थापल्या तर पीठ कुठून आलं, हे सासूला काय सांगायचं, एवढाच तिचा प्रश्न. त्या प्रश्नात जीव जाण्याची भीती भरलेली आहे. ती शब्दांत आणणं मला कुठल्याही चकमकीच्या वर्णनापेक्षा कठीण गेलं.

आणि तिचा थोरला मुलगा पलटणीत आहे.

सातारा हा पलटणींचा मुलूख. एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्री इटलीत लढत होती. १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनवर एकटे चालून गेले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचे, पण त्या रेजिमेंटमध्ये आपल्या घाटावरच्या गावांतलेही जवान होते. सरकारची मनीऑर्डर आणि त्याच सरकारचं वॉरंट, दोन्ही एकाच उंबऱ्यावर येतात, अशी घरं इथे असणारच. सोनाबाईचा थोरला इटलीत आहे, धाकटा तुफान सेनेत.

इटलीच्या डोंगरांतही तेव्हा जर्मनांविरुद्ध लढणारे भूमिगत होते, आणि तिथली गावंही त्यांना लपवत होती, खायला घालत होती. कादंबरीतला थोरला हे पाहतो. तिथली एक बाई अंधारात पाव बांधून देते, आणि आपल्या आईच्या घरात काय चाललं असेल ते त्याला त्या क्षणी कळतं. पत्रात त्याला ते लिहिता येत नाही, कारण पत्रं सेन्सॉर होतात. तो फक्त विचारतो, "यंदा शाळू कसा आहे?" हे वाक्य सुचलं त्या रात्री मी रडले. अजूनही वाचून दाखवताना आवाज हलतो.

[दृश्य : गावची चावडी.]

आता पत्रीबद्दल, म्हणजे ज्या शिक्षेवरून प्रतिसरकारला लोक 'पत्रीसरकार' म्हणू लागले तिच्याबद्दल. गुन्हेगाराला, खबऱ्याला तळपायांवर काठीचे फटके बसायचे. लोकांच्या तोंडी त्याचं झालं घोड्यासारखी नाल ठोकणं, आणि ती दहशत दूरवर पसरली. हे प्रकरण मी मार खाणाऱ्याच्या बाजूने लिहिलं. माझा खबऱ्या खरोखर खबऱ्या आहे, पण त्याला तसं करायला लावणारं कर्जही कादंबरीत आहे. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी हस्तलिखित वाचून विचारलं, "बाई, आमच्या माणसांना का कमीपणा आणताय?" त्यांचा दुखावलेला चेहरा मला विसरता येत नाही. तरी मी ते प्रकरण काढलं नाही. ज्यांनी कोवळ्या वयात न्यायाचं ओझं खांद्यावर घेतलं, त्यांना ते किती जड गेलं असेल हे दाखवायचं तर तळपाय दाखवावेच लागतात. फटके मारणारा माझा धाकटाच आहे, आणि त्या रात्री सोनाबाईने वाढलेली भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नाही.

कादंबरी १९४६ ला संपते. वॉरंटं उठली, माणसं उजेडात आली, नाना पाटील उघडपणे सभा घेऊ लागले. १५ ऑगस्टपर्यंत जायचा आग्रह काहींनी केला. पण मला हवं होतं ते घरी परतणं. मार देणारा आणि मार खाणारा एकाच आळीत राहतात, विहीरही एकच आहे, तिथे मी थांबले.

[दृश्य : कादंबरीची शेवटची पानं.]

पुढे १९७२ मध्ये केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन आली. तिच्यासाठी तुरुंगवासाचा किंवा फरारी असल्याचा कागद लागायचा. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं भाकऱ्या बांधून दिल्या, त्यांच्या नावावर वॉरंट कधी निघालंच नव्हतं. अशा बायकांची नावं मी गावोगाव विचारत फिरले. काहींच्या घरच्यांना नाव छापलेलं नको होतं, काहींना आजीचं नाव आठवेना, फक्त माहेर आठवत होतं. जी मिळाली ती कादंबरीच्या शेवटी माहेरच्या गावासकट छापली आहेत. पुढच्या आवृत्तीत आणखी येतील. तुमच्या घरात कुणाला असं एखादं नाव ठाऊक असेल तर कळवा.